तिसरा मजला, डावीकडे

वर्ग सुटल्यावर दुपारी दीडच्या सुमारास मी जिन्याखालची पत्रपेटी उघडली. आत घरचा एरोग्राम होता. उघडला, तर वर श्री नव्हता. खाली दादाच्या अक्षरात लिहिलं होतं : चि. वृंदास, ती. बाबा मंगळवारी सकाळी गेले. चहा पिऊन झाला होता. त्रास झाला नाही. तार केली नाही. तिथपर्यंत मी वाचलं. मग पत्र फाडलं, तुकडे जिन्याजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, तीन मजले चढून वर गेले आणि डोक्यावरून आंघोळ केली.

आता हे समजावून सांगावं लागतं. माझ्या भाचीला सांगितलं तेव्हा तिला ते क्रूर वाटलं. आमच्याकडे मृत्यूच्या पत्रावर श्री काढत नसत, आणि असं पत्र घरात नेत नसत. दारातच वाचायचं, फाडायचं, टाकायचं आणि आंघोळ करून घरात यायचं. मी नऊ वर्षांची असताना मालवणहून काकांचं कार्ड आलं होतं. बाबांनी ते वर्तकनगरच्या आमच्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचलं. त्यांनी कार्डाचे चार तुकडे केले, जिना उतरून गटारात टाकले, आणि मग एकेक करून आम्ही सगळे न्हाणीघरात गेलो. कोणी कोणाला काही विचारलं नाही. श्री नाही म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. तेच माझ्या हातांनी व्हायादोलिदमधल्या एका जिन्याखाली केलं. विचार करून केलं असं म्हणता येणार नाही.

व्हायादोलिद हे स्पेनमधलं जुनं, गंभीर चेहऱ्याचं गाव. हिवाळ्यात नदीवरून धुकं येतं आणि आठवडाभर हलत नाही. मुंबईला संध्याकाळच्या वर्गात चार वर्षं स्पॅनिश शिकून मी एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर तिथे गेले होते. विद्यार्थ्यांना गावातल्या कुटुंबांत ठेवत. माझ्या वाट्याला जे घर आलं त्याचा पत्ता निघण्याआधी महिनाभर आमच्या हातात पडला, आणि त्या पत्त्यावर सगळ्यांत जास्त खूश झाले ते बाबा. बाबा कल्याणला टपाल खात्यात सॉर्टर होते. पत्ता ही त्यांच्या दृष्टीने वाचायची गोष्ट होती, जसे इतर लोक वर्तमानपत्र वाचतात. रस्ता, घराचा क्रमांक, आणि पुढे 'तिसरा मजला, डावीकडे' असं लिहिलेलं. बाबांनी ते माझ्याकडून तीनदा समजून घेतलं. "डावीकडे हेसुद्धा पत्त्यात! बघ, माणसं किती शहाणी. आपल्याकडे लिहितात, मारुतीच्या देवळामागे. कुठला मारुती, कुठलं देऊळ, पोस्टमनने शोधावं."

मग त्यांनी वीस एरोग्राम आणले. निळा पातळ कागद, तोच कागद आणि तेच पाकीट, तिकीट आधीच छापलेलं. लिहायचा आणि घड्या घालून चिकटवायचा. जेवणाच्या जागी सतरंजीवर बसून त्यांनी वीसच्या वीस कागदांवर पत्ता घालून ठेवला. मोठी, सुटी, रोमन अक्षरं. एकावरून दुसरं उचलून ठेवावं अशी सारखी. दादा म्हणाला, "बाबा, मला पण येतं इंग्रजी लिहायला."

"तुझे एन आणि यू सारखे दिसतात," बाबा म्हणाले. "परदेशी पत्र आहे. परत आलं तर?"

परत आलेलं पत्र हा त्यांचा एक विषय होता. 'या पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा मारून पत्र उलट फिरलं की त्यांना वाईट वाटायचं, जणू कोणी दारात आलेल्या पाहुण्याला पाणी न देता घालवलं. माणूस हलतो तर पोस्टात सांगून जात नाही, याचा त्यांना खरोखरचा राग होता. वीस कागद त्यांनी ट्रंकेत ठेवले आणि दादाला बजावलं, दर पंधरा दिवसांनी एक.

असा मी त्या पत्त्यावर पोचले. दार उघडलं ते एन्कार्नाबाईंनी. तिकडे बाईंच्या नावाआधी मानाने 'दोन्या' लावतात, पण मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून एन्कार्नाबाईच म्हणत आले. साठीच्या, बुटक्या, काळा झगा आणि काळा स्वेटर. भाऊ वारल्यावर धरलेलं काळं त्यांनी अकरा वर्षांत उतरवलं नव्हतं. त्यांचे यजमान रामोन, कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन, उंच आणि वाकलेले. मी पत्रात त्यांच्याबद्दल लिहिल्यावर आमच्या घरी त्यांचे रामूअण्णा झाले. 'रामूअण्णांना नमस्कार' असं दादा प्रत्येक पत्रात लिहायचा. मुलं दोघांची माद्रिदला असत. घरात आम्ही तिघंच.

पहिलं भांडण आंघोळीवरून झालं. पाणी तापायचं ते नारंगी सिलिंडरवर, आणि तो तीन मजले चढवून आणावा लागे. मी रोज सकाळी आंघोळीला जाते हे चौथ्या दिवशी एन्कार्नाबाईंच्या लक्षात आलं.

"तुला काही त्वचेचा आजार आहे का, मुली?"

"नाही. आमच्याकडे रोज करतात."

"रोज? मग तुम्ही मळता तरी केव्हा?"

रामोन वर्तमानपत्रामागून म्हणाले, "एन्कार्ना, तुला विद्यार्थिनी दिली नाही. मासा दिला आहे."

शेवटी आठवड्यातून दोनदा गरम पाणी आणि इतर दिवशी माझी मी गार पाण्यात फडकं भिजवून काय ते, असा तह झाला. शेजारणींना मात्र बाई अभिमानाने सांगायच्या की आमच्याकडे भारतातून मासा आलाय.

मासा शब्द तसा बरोबरच होता. आम्ही मूळचे कोकणातले; मासे खाणारी मुलगी आली म्हणून बाईंना बरं वाटलं. त्या खारवलेला कॉड आणायच्या, लाकडाच्या फळीसारखा कडक, आणि दोन दिवस पाणी बदलत भिजत घालायच्या. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी वही खाली ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आई सुकट भाजते तेव्हा असाच वास जिन्यापर्यंत येतो. बाईंना वाटलं मला किळस आली. मी म्हटलं, नाही, मी फक्त उभी आहे. लसणाचं सूप, त्यात शिळा पाव. मसूर, पण त्यात डुकराचं सॉसेज. बटाट्याचं जाड ऑम्लेट. आणि सगळ्याबरोबर पाव. मी एकदा वरण-भात केला तर रामोननी भाताचा ढीग पाहून विचारलं, "आणि याच्यात काय आहे?" मी म्हटलं, "भात." ते म्हणाले, "रिकामा?"

त्या घराचा मध्य म्हणजे एक गोल मेज होतं. त्याच्यावर जमिनीपर्यंत पोचणारं जाड कापड आणि खाली, पायांपाशी, विजेची शेगडी. हिवाळाभर माणसं त्या मेजाभोवती बसून कापड मांडीवर ओढून घेत आणि सगळ्यांचे पाय खाली त्या एका उबेत असत. जेवण तिथेच, टीव्ही तिथेच, माझा अभ्यास तिथेच. रामोनचा पाय लागला की मी सुरुवातीला वाकून नमस्कार करायची. त्यांना ते इतकं आवडलं की मुद्दाम पाय लावू लागले. शेवटी बाईंनी त्यांना दम दिला.

निळं पत्र आलं की ते जेवणाच्या वेळी मेजावर यायचं. मी मोठ्याने वाचायची आणि जमेल तसं स्पॅनिशमध्ये सांगायची. आईचं सांगणं, दादाचं लिहिणं. कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकान वाढवलं, टेंभी नाक्याला देवीची गर्दी फार झाली, आईचा गुडघा. बाबांचं म्हणून आत काही नसायचं. ते बाहेर असायचे, पत्त्यात.

"भारतात टपाल हत्तीवरून येतं का?" रामोननी एकदा विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या वडिलांच्या हातून येतं." त्यांनी पत्र घेतलं, पत्ता निरखून पाहिला आणि म्हणाले, "फोरमनचं अक्षर आहे." त्यांच्या तोंडी याहून मोठी स्तुती नव्हती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे तीन राजांचा सण असतो. त्या दिवशी कड्यासारखा गोल गोड पाव आणतात आणि आत एक लहानशी मूर्ती लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल तो त्या दिवसाचा राजा. ती मला निघाली. रामोननी माझ्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट ठेवला आणि मी दिवसभर तो काढला नाही. तो मंगळवार होता. पत्र हातात आल्यावर वरची तारीख पाहून मी जिन्याखाली उभी राहून मागे मोजलं तेव्हा कळलं, तो तोच मंगळवार होता. आमच्या घरातून बाबांना नेलं तेव्हा माझ्या डोक्यावर मुकुट होता. पत्राला सतरा दिवस लागले होते.

तर त्या दिवशी मी गार पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली. दारावर बाई थापा मारत होत्या. "ब्रिंदा! सिलिंडर बंद आहे! धुकं पडलंय बाहेर, वेडे, मरशील!" माझ्या नावाचं त्यांनी तेवढंच केलं होतं. मी ओल्या केसांनी बाहेर आले, बरं नाही म्हटलं आणि खोलीत जाऊन दार लावलं.

सुतक किती दिवस धरायचं, हे मला माहीत नव्हतं. दहा दिवस उलटून गेल्यावर कळलं तर तीन दिवस, असं आईच्या तोंडून कधीतरी ऐकलेलं. पण आईबापांना तो नियम लागतो का, आणि लग्न न झालेल्या मुलीला काय, हे विचारायला त्या गावात कोणी नव्हतं. मी तीन धरले. कोणाला शिवायचं नाही म्हणजे त्या मेजाशी बसणं नाही, कारण तिथे पाय लागल्याशिवाय बसताच येत नाही. मी खोलीत गार जमिनीवर बसून पाव खाल्ला. रडू आलं नाही. राग आला, आणि तो दादाचा. तार केली नाही. चार शब्दांची तार केली असती तर मी सतरा दिवस हसत-खेळत राहिले नसते. शेवटचं दर्शन नाही, दहावा नाही, काही नाही. मुलगी परदेशात आहे म्हणून तिला परकी धरली, असं मला वाटलं. संध्याकाळपर्यंत माझं ठरलं. परत जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिष्यवृत्तीच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक फॉर्म दिला. सही केली की जागा सुटेल, पुन्हा मिळणार नाही, वर्ष धरलं जाणार नाही. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत आणून दे." मी फॉर्म घेऊन घरी आले आणि कपाटावरची बॅग खाली काढली. तिच्या आवाजाने एन्कार्नाबाई आल्या.

दारात उभ्या राहून त्यांनी आधी बॅग पाहिली, मग मला. "कोण आहे तो?"

"कोण?"

"ज्याचं पत्र फाडलंस तो. मी पाव घेऊन येत होते, डब्यात निळे तुकडे दिसले. दुसऱ्या कोणाशी लग्न करतोय का?"

मी म्हटलं, "माझे वडील वारले."

त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि मला जवळ घ्यायला पुढे आल्या. मी मागे सरले. भिंतीला पाठ लागेपर्यंत सरले आणि म्हटलं, "मला शिवू नका." आमची पद्धत सांगायला हवी होती, पण सुतकाला त्यांच्या भाषेत काय म्हणायचं ते मला येत नव्हतं, आणि त्या वेळी शोधायची ताकदही नव्हती. त्यांचे हात तसेच थोडा वेळ वर राहिले. मग त्या निघून गेल्या. थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज बंद झाला. तो पुढे नऊ दिवस बंद होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. रामोन फुटबॉल बघायला खालच्या कॅफेत जायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी दारावर टकटक केली आणि आत न येताच म्हणाल्या, "बाहेर ये. शिवत नाही तुला."

मेजावरचं सगळं आवरलेलं होतं. मधोमध माझं पत्र होतं. दोन्ही बाजूंनी पारदर्शक पट्ट्या चिकटवून अख्खं केलेलं, पट्ट्यांमुळे कडक झालेलं, थोडं वाकडं. शेजारी कात्री आणि रामोनचा चष्मा.

ते पत्र घरात होतं. जेवायच्या मेजावर होतं.

रामोन घसा खाकरून म्हणाले, "एका बाजूला आमचा पत्ता आहे, ती बाजू सोपी गेली. दुसरी अवघड. शेवटी माझ्या लक्षात आलं, तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लटकतात. दोऱ्या जुळवल्या. वरचा एक तुकडा मिळाला नाही. डब्यात नव्हता. मी जिनासुद्धा पाहिला."

"हे ठेवायचं नसतं," मी म्हटलं.

"काय ठेवायचं नसतं?" बाई म्हणाल्या.

"असं पत्र. वाचून फाडायचं असतं. घरात आणायचं नसतं. आणि मी तीन दिवस कोणाला शिवायचं नाही, म्हणून काल..."

"बापाच्या मरणाचं पत्र कोण फाडतं?"

"आमच्याकडे सगळे."

बाई उठल्या. आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या, पेरूच्या वडीसारखी वडी मिळते तिकडे, तिचा. त्यात त्यांच्या भावाची पत्रं होती. तो कामासाठी जर्मनीला गेला होता आणि तिथेच वारला. सगळ्यांत वर त्याच्या मालकाने मृत्यू कळवलेलं टाइप केलेलं पत्र होतं. "ही भाषा मला येत नाही," त्या म्हणाल्या. "पाद्र्यांनी एकदा वाचून दाखवलं. पण माझ्याकडे आहे." मग डबा बंद करून म्हणाल्या, "तुमची पद्धत मला माहीत नव्हती. आणि हे घरात आल्याने मीही बाटले असेन तर आंघोळ बिंघोळ मी करणार नाही, आधीच सांगते. या थंडीत नाही."

रामोन म्हणाले, "मी तर कालपासून त्याच्यावर बोटं फिरवतोय. मला नदीतच बुडवायला हवं."

मला हसू आलं. हसू आल्याबरोबर रडू आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. दोघंही जागेवरून हलले नाहीत, कारण मी शिवू नका म्हटलं होतं. आपापले हात मेजावर ठेवून बसून राहिले.

मग बाई म्हणाल्या, "आता वाच. नेहमी वाचतेस तसं. त्यात काय लिहिलंय ते या घराला माहीत नाही."

मी वाचू लागले. पहिली चार वाक्यं मी पाठ म्हटल्यासारखी सांगितली. त्याच्यापुढे काही असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. 'तार केली नाही' याच्यापुढे दादाने लिहिलं होतं : 'कारण तार हातात पडली की तू बॅग भरशील हे मला ठाऊक आहे. राग माझ्यावर काढ, आईवर नको. आई जेवते आहे. दिवस व्यवस्थित करतो आहोत.' तिथे आतली बाजू संपत होती. मी कागद उलटा केला. एरोग्रामची एक घडी आत दुमडली जाते. जागा संपली की माणसं तिच्यावर लिहितात. दादानेही लिहिलं होतं. त्या दिवशी जिन्याखाली मी पत्र उलटलंच नव्हतं.

'बाबांनी पत्ता घालून ठेवलेले अकरा कागद अजून ट्रंकेत आहेत. दर पंधरा दिवसांनी एक टाकत जाईन. ते संपायच्या आत तू आलीस तर पत्रं तिथे जातील आणि तू इथे असशील. बाबांच्या हातचा पत्ता, आणि त्यावर या पत्त्यावर राहत नाही असा शेरा, हे मला बघायचं नाही. त्यांनाही चाललं नसतं. तुझं तू ठरव.'

हे भाषांतर करायला मला वेळ लागला. दोनदा मध्ये थांबावं लागलं. सांगून झाल्यावर रामोननी हात पुढे केला, मी पत्र मेजावर ठेवलं, त्यांनी ते उचललं. पत्त्याची बाजू वर करून चष्मा लावला आणि सावकाश मोठ्याने वाचलं. रस्ता, क्रमांक, तिसरा मजला, डावीकडे.

"अकरा," ते म्हणाले. "म्हणजे जूनपर्यंत."

"जूनपर्यंत," बाई म्हणाल्या. "ती बॅग वर ठेव, वाट अडते. आणि मसूर केलेत. सॉसेज नाही घातलेलं. तुझे तीन दिवस आज संपतात ना? मग आज खोलीत आणून देते, उद्यापासून इथे."

शुक्रवारी मी कचेरीत गेले नाही. फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी दादाला पत्र लिहिलं. त्याच्यावर रागावले होते असं लिहिलं नाही, हे आता लिहिते. फक्त लिहिलं, पाठव.

त्याने पाठवली. अकराच्या अकरा, जवळजवळ वेळेवर. प्रत्येकावर आत श्री होता. मी पेटी उघडायची तेव्हा आधी बाबांचं अक्षर दिसायचं, आणि एक क्षणभर, दर वेळी, मी विसरायची. मग उघडायची. कोपऱ्यावरच्या वाण्याचं वाढवलेलं दुकान चालेना. आईने गुडघ्याला तेल बदललं. दादाला वागळे इस्टेटमधल्या कंपनीत कायम केलं. रामूअण्णांना नमस्कार. शेवटचं पत्र जूनमध्ये आलं, परीक्षेनंतर चार दिवसांनी. त्यात दादाने एवढंच लिहिलं होतं की हा शेवटचा कागद आहे, आता ये.

निघताना एन्कार्नाबाईंनी वडीचा एक रिकामा डबा दिला. पत्रांसाठी. चिकटवलेलं पत्र मी त्यातच ठेवलं.

विमानतळावर दादा आला होता. त्याचे केस नुकते कापल्यासारखे दिसत होते. सहा महिने होऊन गेले होते, तरी मला ते तसेच दिसले. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी आईला डबा उघडून दाखवला. तिने वरची पत्रं पाहिली, बाबांच्या अक्षरावरून हात फिरवला, आणि पट्ट्या लावलेलं ते दिसल्यावर हात मागे घेतला.

"हे काय आणलंस? अगं, असलं पत्र कोणी चिकटवतं का? वेडी का खुळी ती बाई?"

"तिला माहीत नव्हतं, आई."

"मग तुला तर माहीत होतं! घरात नको ते. आत्ताच्या आत्ता बाहेर ने." थोडं थांबून म्हणाली, "जेवायला नीट घालायची ना?"

"घालायची."

"मग असू दे. पण घरात नको."

दादाने पत्र उचललं, शर्टाच्या खिशात घातलं आणि कामावर गेला. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा म्हणाला, "फाडलं नाय गं. लॉकरमध्ये ठेवलंय. कंपनी म्हणजे काय घर नाय." त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आई आणखी बावीस वर्षं जगली, आणि ती सगळी वर्षं ते पत्र वागळे इस्टेटमध्ये एका लोखंडी कप्प्यात होतं, डबा आणि त्यात आलेली एकोणीस पत्रं माझ्याकडे. मी भाषा शिकवायला लागले, शिकवत राहिले. एन्कार्नाबाईंशी नाताळच्या कार्डांचा व्यवहार बरीच वर्षं चालला. रामोन आधी गेले. मग एका वर्षी माझं कार्ड परत आलं. शेरा स्पॅनिशमध्ये होता, पण अर्थ तोच. बाबांना काय वाटायचं ते मला त्या दिवशी नीट समजलं.

दादा गेल्या वर्षी गेला. मला ते फोनवर कळलं आणि तासाभराने सगळ्या नातेवाइकांना फोटोसकट निरोप गेला. कोणी काही फाडलं नाही, फाडायला काही नव्हतंच. तेराव्यानंतर वहिनी माझ्याकडे आली. आमची जुनी इमारत पाडून तिथेच बांधलेल्या उंच इमारतीत मी राहते, आठव्या मजल्यावर. वहिनीने पिशवीतून एक प्लास्टिकची फाइल काढली. "यांच्या कपाटात होतं. कंपनी सुटल्यावर घरी आणलं असेल. मला वाटतं तुमचं आहे, वन्सं. चिकटवलंय म्हणून टाकलं नाही." ती उंबऱ्याबाहेरच उभी होती, आत यायचं की नाही या विचारात, कारण पत्र कसलं आहे हे तिने वाचलं होतं. मी म्हटलं, आत ये. तीही आली, पत्रही आलं.

पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत आणि कडांना सुटत आहेत. दादाचं अक्षर फिकटलं आहे, पत्ता नाही. बाबा पोस्टातली शाई वापरत. मी ते डब्यात त्याच्या जागी ठेवलं, आठव्यानंतर आणि दहाव्याआधी.

आता डब्यात वीस पत्रं आहेत. एकोणिसांवर श्री आहे. नवव्याचा वरचा तुकडा नाही.